बोर्ड लागला होता

स्कोअर ५१-५३. आम्ही दोननं मागे. चार सेकंद शिल्लक.

चऱ्होलीतल्या एका कॉलेजचं सिमेंटचं कोर्ट होतं, दोन्ही रिंगांना जाळी नव्हती. जाळी नसली की बॉल आत गेला का बाजूनं गेला हे लांबून पटकन कळत नाही. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची सेमी फायनल चालली होती. समोरच्या टीमचा सात नंबरचा पोरगा फ्री थ्रो लाइनवर उभा होता. दोन फ्री थ्रो. त्यानं पहिला टाकला, आत गेला, म्हणून ५३. दुसऱ्यासाठी त्यानं बॉल दोनदा आपटला, हात वर गेला, आणि नेमकं तेव्हाच लोहगावच्या बाजूनं एक सुखोई डोक्यावरून गेलं. चऱ्होलीत राहणाऱ्यांना सांगायला नको, त्या आवाजात शेजारचा माणूस काय बोलतोय तेही ऐकू येत नाही. बॉल रिंगच्या पुढच्या काठाला लागून खाली आला. रिबाउंड आमच्या सेंटरनं घेतला, मला दिला, मी दोन पावलं ड्रिबल केलं आणि अर्ध्या कोर्टच्या अलीकडूनच भिरकावला.

भिरकावला हाच शब्द बरोबर आहे. नेम वगैरे काही नव्हता. बॉल बोर्डच्या वरच्या कोपऱ्याला लागला, खाली रिंगवर पडला, एकदा उडाला आणि आत गेला. ५४-५३.

पोरांनी मला उचललं. दुसऱ्या दिवशी फायनल आम्ही जिंकली, बऱ्यापैकी सहज. माझे त्यात १९ पॉइंट होते. पुढच्या फेरीसाठी जी टीम निवडली गेली तिच्यात आमच्या कॉलेजचे तिघं होतो. सात नंबर नव्हता. निवड करणाऱ्यांची यात काही चूक मी काढत नाही, त्यांच्यासमोर जे खेळलं जातं तेच ते बघणार. पण त्या सीझनमध्ये पिंपरी-चिंचवडच्या ओपन स्पर्धांमध्ये त्यांच्या टीमशी आमची तीनदा गाठ पडली होती आणि तिन्ही वेळा त्यांनी आम्हाला हरवलं होतं, एकदा तर २२ पॉइंटनी. हे निवड करणाऱ्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. आम्हाला माहीत होतं.

मग त्या दिवशी जिंकायला लायक कोण होतं? हा प्रश्न मला बरीच वर्षं छळतोय. म्हणजे रोज रात्री झोप उडते असं नाही, पण मी आता शाळेत पीटी शिकवतो, वर्षाला दोन-तीन स्पर्धा स्वतः भरवतो, आणि बी.पी.एड.च्या ऍडमिशनच्या फाइलमध्ये त्या निवडीचं सर्टिफिकेट लावलं होतं. माझ्या पगाराच्या पाठीमागे कुठेतरी तो बोर्डचा कोपरा आहे.

आधी स्पर्धेची रचना सांगतो, कारण सगळी गोम तिच्यात आहे. आपल्याकडे कॉलेजचा खेळ जिन्यासारखा असतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक अशा तीन जिल्ह्यांत पसरलेलं. त्याचे विभाग पाडलेले असतात. विभागातली कॉलेजं आपसात खेळतात, त्यातून विभागाची टीम होते, विभाग एकमेकांशी खेळतात, त्यातून विद्यापीठाची टीम. ती मग पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाते आणि तिथून पुढे गेलीच तर अखिल भारतीयला. सर्वांत खालची पायरी बहुतेक वेळा बाद फेरीची. हरलात की बॅग भरा.

बाद फेरी का, तर गणित. मी स्वतः फिक्स्चर काढायला लागलो तेव्हा हे नीट समजलं. बारा टीम असतील तर बाद फेरीत ११ मॅच होतात, कारण प्रत्येक मॅचला एक टीम घरी जाते आणि अकरा टीमना घरी पाठवायचं असतं. त्याच बारा टीम साखळी पद्धतीनं, म्हणजे प्रत्येकानं प्रत्येकाशी, खेळवल्या तर ६६ मॅच. एका कोर्टवर उजेडात दिवसाला आठ मॅच होतात. ११ मॅच दीड दिवसात संपतात. ६६ मॅचना सव्वाआठ दिवस लागतात, आणि तोवर मंडपवाला, पंच, स्कोअर-टेबलवरची पोरं, पोह्यांचं पातेलं हे सगळं चालू ठेवायला लागतं. कुठलं कॉलेज आठ दिवस लेक्चर बुडवून देईल? म्हणून चिठ्ठ्या टाकायच्या, दोन-चार जणांना बाय द्यायचा आणि सोमवारच्या आत उरकायचं. न्याय कसा करायचा हे कोर्ट किती दिवस मोकळं आहे यावर ठरतं.

अमेरिकेत पैसा आणि दिवस दोन्हींची ददात नाही, तरी हा प्रश्न तिथेही सुटलेला नाही, उलट जास्त चिघळलाय. तिथली कॉलेजं ‘कॉन्फरन्स’ नावाच्या गटांत वाटलेली असतात. आपल्या विभागासारखंच समजा. एका कॉन्फरन्समधल्या टीम दोन-अडीच महिने एकमेकांशी खेळतात, गुणतक्ता तयार होतो. कोण चांगलं, कोण वाईट हे सगळ्यांना दिसलेलं असतं. आणि मग मार्चमध्ये त्याच टीमना घेऊन चार-पाच दिवसांची बाद फेरी भरवतात. जो ती जिंकतो तो त्या कॉन्फरन्सचा विजेता आणि राष्ट्रीय स्पर्धेतल्या ६८ टीमपैकी एक जागा थेट त्याची. म्हणजे अडीच महिन्यांचा अभ्यास एकीकडे आणि शेवटचा पेपर एकीकडे, आणि ज्यानं पेपर मारला तो पास.

२०२४ साली नॉर्थ कॅरोलायना स्टेट नावाच्या टीमनं हेच केलं. एसीसी या कॉन्फरन्समध्ये १५ टीमपैकी त्यांचा नंबर दहावा होता. सीझनमध्ये १७ जिंकलेल्या, १४ हरलेल्या, शेवटच्या चार मॅच ओळीनं हरून आलेले. त्यांनी पाच दिवसांत पाच मॅच जिंकल्या. सेमीला व्हर्जिनियाविरुद्ध ते तीन पॉइंटनी मागे होते, काही सेकंद राहिले होते, व्हर्जिनियाच्या खेळाडूचा फ्री थ्रो चुकला, आणि यांच्या मायकल ओकॉनेलनं लांबून टाकलेला बॉल बोर्डला लागून, रिंगवर नाचून, आत गेला. बरोबरी झाली, जादा वेळेत यांनी मॅच काढली. मी तो व्हिडिओ पहिल्यांदा बघितला तेव्हा फोन टेबलावर उलटा ठेवला आणि थोडा वेळ बाहेर जाऊन उभा राहिलो.

ते पुढे राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या चारांत पोचले, म्हणजे अगदीच लिंबूटिंबू होते असं म्हणायची सोय नाही. पण याची दुसरी बाजूही आहे. १९५४ ते १९७४ पर्यंत याच एसीसीतून फक्त एकच टीम पुढे जायची, स्पर्धा जिंकणारी. १९७४ ची फायनल नॉर्थ कॅरोलायना स्टेट आणि मेरीलँड यांच्यात झाली. देशात पहिल्या आणि चौथ्या नंबरच्या टीम. जादा वेळेत १०३-१०० नं मेरीलँड हरली आणि देशातली चौथ्या नंबरची टीम राष्ट्रीय स्पर्धेला न जाता घरी गेली. हे इतकं उघड विचित्र दिसलं की पुढच्या वर्षापासून एका कॉन्फरन्समधून एकाहून जास्त टीमना जागा मिळायला लागली. तीन पॉइंटांनी नियम बदलला. आणि आयव्ही लीग, म्हणजे हार्वर्ड, प्रिन्स्टन वगैरे शहाण्या लोकांची कॉन्फरन्स, तिनं तर २०१७ पर्यंत अशी स्पर्धा भरवलीच नव्हती. चौदा मॅचचा तक्ता, वरचा तो विजेता, विषय संपला. २०१७ ला पहिल्यांदा चार टीमची बाद फेरी ठेवली. त्याच वर्षी प्रिन्स्टननं चौदाच्या चौदा मॅच जिंकल्या होत्या. तरी त्यांना सेमी खेळावी लागली, तीही चौथ्या नंबरच्या पेन टीमच्या स्वतःच्या कोर्टवर, आणि हरता हरता शेवटच्या काही सेकंदांत बरोबरी साधून जादा वेळेत कसेबसे वाचले. चौदा मॅचनी जे सिद्ध केलं होतं ते एका रिबाउंडवर लटकलं होतं.

आता मूळ प्रश्न. यातलं न्याय्य काय?

जॉन रॉल्स नावाचा अमेरिकन तत्त्वज्ञ होता. १९७१ च्या ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’ या पुस्तकात तो न्याय करण्याच्या पद्धतींचे तीन प्रकार सांगतो. पुस्तक जाडजूड आहे पण ही गोष्ट सोपी आहे, आपल्या उदाहरणांनी सांगतो. दोन भावांत एक कलिंगड सारखं वाटायचंय. एकानं कापायचं, दुसऱ्यानं आधी उचलायचं. कापणारा आपोआप सारखं कापतो. इथे बरोबर उत्तर काय ते आधीच माहीत आहे आणि तिथे हमखास पोचायची युक्तीही आहे. दुसरा प्रकार कोर्टातल्या खटल्याचा. गुन्हा कुणी केला याचं खरं उत्तर असतंच, पण तिथे पोचायची हमखास युक्ती नसते. साक्षी, पुरावे, वकील सगळं नियमानं केलं तरी निर्दोष माणूस अडकू शकतो. तिसरा प्रकार सोडतीचा. म्हाडाच्या सोडतीत घर ‘खरं’ कुणाचं होतं याला काही अर्थच नाही. अर्ज भरले, पात्र ठरले, नंबर निघाला, ज्याचा निघाला त्याचं घर. पद्धत प्रामाणिक असेल तर निघेल तो निकाल न्याय्य.

मग स्पर्धा यातली कुठली? खटला की सोडत?

खटला म्हणावा तर आधी मान्य करावं लागतं की ‘सर्वांत चांगली टीम’ नावाचं एक सत्य बाहेर कुठेतरी आहे आणि मॅच ते शोधतेय. मग बोर्डचा कोपरा म्हणजे खोटी साक्ष, आणि मी निर्दोष माणसाला अडकवून सुटलेला. सोडत म्हणावी तर प्रश्नच मिटतो. आम्ही दोघांनी एकाच डब्यात चिठ्ठी टाकली होती, हरलो तर घरी जायचं हे दोघांना ठाऊक होतं. माझा नंबर निघाला.

लायक आणि हक्कदार हे दोन शब्द आपण एकाच अर्थानं वापरतो, पण ते वेगळे आहेत. आजोबांच्या जमिनीचा हक्कदार नातू असतो, मग तो शेतात कधी पाय न टाकणारा असला तरी. लायक तो गडी असतो ज्यानं तीस वर्षं ती कसली. मी स्वतःला समजावलं होतं की सात नंबर लायक होता आणि मी हक्कदार, आणि खेळात हक्क मॅच जिंकून मिळतो. बरीच वर्षं या उत्तरावर माझं नीट भागलं.

माझे मामा या गोष्टीकडे फार सहज बघतात. ते बैलगाड्याचे शौकीन. चऱ्होली, मोशी, चिखली या पट्ट्यात सगळं गाव एमआयडीसीला आणि बिल्डरला दिलं तरी घाट सुटला नाही. मधली काही वर्षं बंदी होती, २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं शर्यतीचा कायदा उचलून धरल्यावर मामांच्या गल्लीत पेढे वाटले होते. घाटात प्रत्येक गाडा एकटा पळतो, घड्याळ लावून. एक बारी. बैल बुजला, घोडी आडवी गेली, जू हललं, संपलं, सेकंद वाढले. मामांना विचारलं की मग सगळ्यांत चांगला बैल हरला तर? ते म्हणाले, “बैल कुणाचा चांगला ते अख्ख्या पंचक्रोशीला ठावं असतंय. बारी कुणाची बसली ते येगळं. बक्षीस बारीला असतंय, बैलाला नसतंय.” आणि खरंच, घाटावरून परतताना लोक ज्या बैलाबद्दल बोलत असतात तो पुष्कळदा बक्षीस न मिळालेला असतो. नाव एका वहीत, बक्षीस दुसऱ्या वहीत. दोन्ही वह्या वेगळ्या ठेवणं मला आवडलं होतं. फक्त एक, घाटावर बैलाला नोकरी लागत नाही.

आणि तिथेच माझं उत्तर जरा हलायला लागतं. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. ऍडमिशनला खेळाची सर्टिफिकेटं चालतात. चांगलीच गोष्ट आहे, मीही खाल्लीय. पण बघा काय होतं. खेळात आपण नशिबाला मुद्दाम आत घेतो, कारण त्याशिवाय मजा नाही. दहाव्या नंबरची टीम पाच दिवसांत विजेती होऊ शकते म्हणूनच दहाव्या नंबरची पोरं सकाळी सहाला प्रॅक्टिसला येतात. तक्त्यावरच सगळं ठरलं असतं तर जानेवारीतच त्यांनी बूट कपाटात टाकले असते. अमेरिकेत यामागे टीव्हीचा पैसा आहे हेही खरं, पण नुसता पैसा असता तर स्टेडियममध्ये रडणारी माणसं दिसली नसती. नशीब हे खेळातलं मीठ आहे. मात्र त्याच निकालाच्या शेपटाला आपण पगार बांधतो, आणि मग तो निकाल निवडीसाठीच केला होता असं समजून वागतो. सोडतीनं काढलेल्या नंबराला आपण गुणपत्रिका म्हणतो.

तुम्ही सीईटी किंवा एमपीएससी दिली असेल तर मला काय म्हणायचंय ते मी सांगायच्या आधीच तुमच्या डोक्यात आलं असेल. दोन तासांचा पेपर, त्या दिवशी ताप, किंवा सेंटर पन्नास किलोमीटर लांब. तिथे तर आपण खेळतोय असंही कुणी सांगितलेलं नसतं.

तरी मी बाद फेरीच्या बाजूनंच भांडायचो. माझा युक्तिवाद असा होता, आणि तो मला अजूनही पूर्ण खोटा वाटत नाही. लांबलचक साखळी ही ‘खरी’ गुणवत्ता मोजते असं आपण म्हणतो, पण ती मोजते कुणाची? ज्याला तीन महिने दर आठवड्याला लांबच्या मॅचला जाता येतं त्याची. बूट फाटले तर दुसरे घेता येतात, गुडघा दुखला तर फिजिओ आहे, ज्याला घरी कुणी विचारत नाही की यातून मिळणार काय. आमच्या पट्ट्यातली निम्मी पोरं असं काही करू शकत नाहीत. त्यांना तीन दिवस सुट्टी मिळते, तीन महिने नाही. तीन दिवसांत ती कुणालाही हरवू शकतात. म्हणून बाद फेरी ही गरिबाची पद्धत, असं मी स्टाफरूममध्ये ठासून सांगायचो, आणि सांगताना मला बरंही वाटायचं.

मग गेल्या पावसाळ्यात मला सात नंबर भेटला.

आळंदी रोडला, चहाच्या गाड्यावर. मी ओळखलं नाही, त्यानं ओळखलं. पोट सुटलं होतं, हेल्मेटमुळे केस दबलेले. पहिलं वाक्य, “बोर्ड लागला होता.” मी म्हटलं, हो रे, लागला होता. दोघंही हसलो. चाकणला एका कंपनीत तो आता लाइनवर सुपरवायझर आहे, लग्न झालंय, धानोरीतच राहतो. इकडचं तिकडचं झाल्यावर मी त्याला म्हटलं, भावा, ते विमान आलं नसतं ना, तर तुझा दुसरा फ्री थ्रो आत होता. तीननं पुढे असता, माझा पडूनही नुसती बरोबरी झाली असती. हे मी मनापासून म्हणालो. मी ही गोष्ट दहा वेळा लोकांना सांगितलीय आणि प्रत्येक वेळी विमान त्यात असतंच. विमानाशिवाय ती गोष्टच नाही.

तो म्हणाला, “कुठलं विमान?”

मी सांगितलं.

“अरे मी धानोरीचा आहे. लहानपणापासून त्याच्याच खाली राहतोय. विमानाचा आवाज नसला तर मला झोप लागत नाही.” मग चहाचा ग्लास ठेवत म्हणाला, “थर्ड शिफ्ट होती आदल्या रात्री. सकाळी सुटलो ते डायरेक्ट चऱ्होलीला आलो. अकराला एक मॅच खेळलो, साडेचारला तुमच्याबरोबर. पायच वर येईना. दोन्ही शॉर्टच टाकलेले मी, पहिला कसा गेला देव जाणे.”

मला तो तेव्हा कामाला होता हेच माहीत नव्हतं. कॉन्ट्रॅक्टवर हेल्पर, रात्री कंपनी, दिवसा बी.कॉम. सुट्टी मागितली होती, मिळाली नव्हती. त्यानं हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. ज्या सुरात माणूस त्या वर्षी पाऊस कमी होता असं सांगतो, तसं सांगितलं.

रॉल्सच्या सोडतीला एक अट आहे, ती मी सोयीनं विसरलो होतो. सोडतीचा निकाल न्याय्य, पण सोडतीच्या आधीची परिस्थिती न्याय्य असेल तर. डब्यात सगळ्यांच्या चिठ्ठ्या सारख्या घडीच्या पाहिजेत. एखादी चिठ्ठी भिजून तळाला चिकटली असेल तर डबा कितीही जोरात हलवा, ती वर येणार नाही, आणि बघणाऱ्याला वाटणार की नशीब. बोर्डचा कोपरा हे नशीब होतं, त्याबद्दल मी आजही कुणाची माफी मागणार नाही. पण रिंगच्या पुढच्या काठाला लागलेला तो फ्री थ्रो नशीब नव्हता. त्याला कारण होतं, वेळ होती, गेटपास होता. मी इतकी वर्षं त्या जागी विमान ठेवलं होतं. कुणी मला तसं सांगितलं नव्हतं, मीच ठेवलं होतं, कारण विमान आकाशातून येतं आणि कुणाचंच नसतं.

आणि माझा तो स्टाफरूममधला युक्तिवाद, गरिबाची पद्धत वगैरे! ज्याच्यासाठी मी भांडत होतो तोच पोरगा त्या पद्धतीत, एका दिवसात दोन मॅच ठेवल्यामुळे, थर्ड शिफ्टवरून येऊन माझ्याकडून हरला होता. साखळी असती तर कदाचित तो अर्ध्या मॅचना आलाच नसता, हेही आहे. म्हणजे साखळीत तो गैरहजर आणि बाद फेरीत दमलेला. दोन्ही तक्त्यांवर त्याचं नाव खालीच गेलं असतं, आणि दोन्ही वेळा तक्ता खरा दिसला असता.

मग मी त्याचं काही देणं लागतो का? मी यावर पुष्कळ डोकं चालवलंय. सर्टिफिकेट परत करणं हा मूर्खपणा होईल, ते त्याला मिळणार नाही. मी चूक केली नाही, नियम मोडला नाही, मला माहीतही नव्हतं. तरी काहीच देणं नाही असं म्हणायला जीभ वळत नाही. निदान एवढं वाटतं की गोष्ट तरी नीट सांगायचं देणं आहे. विमान काढून. मी आता फिक्स्चर काढताना शाळांना फोन करून विचारतो की कुणाचं काही आहे का. बहुतेक वेळा उत्तर येतं, काही नाही सर. यंदा एका शाळेतून मात्र कळलं की त्यांच्या पॉइंट गार्डची सकाळी पेपरलाइन असते, साडेसातच्या आत तो मोकळा होत नाही. त्यांची मॅच दहाला टाकली. दुसऱ्या टीमचे सर चिडले, त्यांना आठची हवी होती, उन्हाच्या आधी. त्यांचंही बरोबर होतं. उन्हानं त्यांच्या पोरांचे पाय भाजले.

सात नंबरशी त्या दिवशी फोन नंबरची देवाणघेवाण झाली. रविवारी आम्ही काही जुनी पोरं खेळतो म्हटल्यावर तो आला, सॅंडलवरच. चार मिनिटांत दमला, बाजूला बसला, आणि मग मला हाक मारून म्हणाला, जा, तिथून टाक. कुठून ते सांगायची गरज नव्हती. अर्ध्या कोर्टच्या अलीकडे एक पाऊल, उजव्या हाताला.

पहिला रिंगपर्यंत पोचला नाही. दुसरा बोर्डच्या वरून पलीकडे गेला आणि एका पोराला धावत जाऊन आणावा लागला. तो मोठ्यानं मोजत होता. सातवा रिंगला लागला तेव्हा सगळे ओरडले. बारावा आत गेला, पण सरळ, बोर्डला न लागता, आणि तो म्हणाला हा धरायचा नाही. विसाव्यापर्यंत माझा खांदा भरून आला. मी म्हटलं, बास आता.

“दहा अजून,” तो म्हणाला, आणि बॉल माझ्याकडे लाथेनं ढकलला.